मेंदीच्या नखावरचा परका

“हा माझा मुलगा नाहीच!” म्हणत द्वारकाकाकूंनी अंगठा टेबलावर असा आपटला, की बाकीची गिऱ्हाइकं आपापली नखं लपवायला लागली.

मिरजेतल्या सायमाच्या दुकानात नखावर ऑक्साइडची पातळ फिल्म चढवून मिळायची. तिच्या जोडीची फिल्म लावलेल्या ओस्लोतल्या मुलानं आपलं नख दाबलं, की तो दाब इथे आईच्या नखाला लागायचा. निदान ठरलं तरी तसं होतं.

“कशावरून नाही?” सायमानं विचारलं.

“रोज न चुकता दाबतो. माझा अविनाश एवढा गुणी असता तर रडायचं काय होतं!”

सायमानं नख भिंगाखाली धरलं आणि कपाळाला हात लावला. “काकू, फिल्म चढवायच्या आधी मेंदी लावली होतीत?”

“मग? लेक भेटणार म्हणून नटायचं नाही?”

“फिल्म तीच, यंत्र तेच, पण खाली काय आहे त्यावर तिचे गुण ठरतात. मेंदीवर ती वेगळीच बसली आणि भलत्याच कुणाशी जुळली. थांबा, घासून काढते.”

काकूंनी हात झटकन मागे घेतला. परक्याला कशाला, म्हणून तीन महिन्यांत त्यांनी एकदाही उलट दाबलं नव्हतं.

“अविनाशची फिल्म दुसऱ्या अंगठ्यावर चढव,” त्या म्हणाल्या. “हा राहू दे.”

आणि पदराआड त्यांनी पहिल्यांदाच नख दाबलं.

पलीकडून लगेच दाब आला. काकू चालत घरी पोचल्या, कुलूप काढलं, चहा टाकला, तरी तो सुटला नव्हता.