ताईताची गाठ

अमेरिकेतल्या मुलाकडे कायमचं राहायला जायचं तर म्हणे आधी आजारपणाचा विमा हवा आणि विम्याला छातीचा एक्स-रे. धडधाकट माणसानं आजारपणाची तजवीज आधीच का करायची, हे टाकव्याच्या बयाबाईला काही केल्या उमगेना. तरी लोणावळ्याच्या दवाखान्यात तिनं बोरमाळ, बुगड्या मुकाट्यानं काढून पदराला बांधल्या. तांब्याचा ताईत मात्र गळ्यातच राहिला आणि फोटोत नेमका छातीवर उमटला. "मावशी, ताईत काढा. फोटो पुन्हा घ्यायला हवा," डॉक्टर म्हणाले. "त्यो कसा काढू? पोरगा परदेशी निघाला तवा देवीम्होरं बांधलाय. त्यो घरी आला की त्येच्याच हातानं सोडायचा." डॉक्टर हसले. "अहो, आता तुम्हीच त्याच्याकडे चाललात की!" बयाबाईची बोटं गाठीपाशी गेली आणि तिथंच थबकली. "डाक्टर," तिनं गोंधळून विचारलं, "मीच तिकडं गेले, तर पोरगा घरी कुणाकडं येईल?"