दुसरा नको

“मास्तर, चिठ्ठीवर हा लिहिलाय आणि तुम्ही बोट दाखवताय शेजारच्याकडे!” दुकानदार हसत म्हणाला.

काउंटरवर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरची दोन खोकी होती, जुळ्या भावंडांसारखी. मास्तरांना त्यातला फरक कळत नव्हता, असं मुळीच नाही. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतलेला माणूस. अर्ध्या बोटाची चूक त्यांच्या कात्रीला ठाऊक नव्हती. आठवडाभर मापं घेता घेता त्यांनी गिऱ्हाइकांना विचारून सगळं समजून घेतलं होतं. डावीकडच्याचा वेग आपल्या हातानं वर चढवता येतो. उजवीकडच्याला कंपनीनं बांधून दिला तेवढाच.

चिठ्ठी मुलाची होती. चार महिन्यांपूर्वी त्यानं खोलीचं दार लावून घेतलं, ते ताट आत घेण्यापुरतंच उघडायचं. बोलणं नाही, हसणं नाही, चिडणंसुद्धा नाही. आणि गेल्या सोमवारी दाराखालून हा कागद सरकत बाहेर आला. प्रोसेसरचं नाव, त्याखाली ‘वेग वाढवायचाय. हाच हवा, दुसरा नको.’ शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा. त्या रेघा बघून त्याची आई ओट्याशी जाऊन रडली होती. देवा, पोराला काहीतरी हवंसं वाटलं!

“हा उजवीकडचा त्याच्या बोर्डात बसेल ना?” मास्तरांनी विचारलं.

“बसेल, चालेलही. पण पळणार नाही. मास्तर, पोरगं घर डोक्यावर घेईल.”

“घेऊ दे की. चार महिने घर नुसतं जमिनीवरच आहे.”

दुकानदाराचं हसू ओसरलं. त्यानं खोकं पुढे सरकवलं. “बदलून देईन, पण सील फोडायचं नाही. आणि बदलायला त्यालाच पाठवा. काय ते त्याच्याशीच बोलेन.”

“तेच तर हवंय,” मास्तर म्हणाले.

दुकान घरापासून दोन गल्ल्यांवर. रागानं का होईना, पायात चपला अडकवून पोरगं उन्हात येईल, चार शब्द दुकानदाराला सुनावेल, आठ बापाला. मास्तरांनी वाटेत ते आठही शब्द मनाशी घोळवले आणि त्यांना बरं वाटलं.

घरी येऊन त्यांनी खोकं दारासमोरच्या स्टुलावर ठेवलं. “आणलंय रे.”

दार वीतभर उघडलं. हात आला, खोकं घेऊन गेला. कडी लागली.

मास्तर तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. बायको पदराला हात पुसत आली. “तोच आणलात ना?”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आतून खोकं उलटंपालटं केल्याची खसखस ऐकू आली. मग प्लॅस्टिक टरकन फाटल्याचा आवाज आला. मास्तर दचकून दाराशी गेले.

“अरे, सील फोडलंस? नीट बघितलंस का आधी? चिठ्ठीवरचाच आहे ना तो?”

“नाही.”

आवाज घोगरा झाला होता. पण आवाज होता. बायकोनं मास्तरांचा दंड घट्ट धरला.

“मग फोडलंस कशाला? आता बदलून कसा मिळणार? तुला तर वेग वाढवायचा होता.”

“असू दे, बाबा.”

“असू दे म्हणजे?”

“चालेल हाच.”

बायकोनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. दंडावरचा तिचा हात सुटला. “मुद्दाम?” ती पुटपुटली. “एवढं एक मागितलं होतं त्यानं.”

आत स्क्रू फिरू लागला होता. न अडखळता, न थांबता, एकामागून एक. मास्तरांनी दोन्ही तळवे दारावर टेकले.

“चालेल कसं? मला माहीत होतं, तरी मी दुसरा आणला. ऐकतोयस ना? मी मुद्दाम आणला.”

स्क्रू फिरायचा थांबला नाही.

मास्तरांनी कपाळ दाराला लावलं.

“अरे, भांड ना माझ्याशी,” ते म्हणाले. “भांड की रे.”