पळीचे ठोके

दर सोमवारी घरोघरी भिंतीवरचं यंत्र म्हाताऱ्यांना एकेक कोडं घालायचं. जो चुकेल किंवा लबाडी करेल त्याला न्यायला गाडी यायची. गेलेलं कुणी परत आलं नव्हतं.

अच्युतराव आधी बसले. त्यांना हल्ली प्रश्नच कळत नसत. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी मालतीबाई पातेल्यावर पळी आपटायच्या. जितके ठोके, त्या क्रमांकाचा पर्याय.

दोन ठोके पडले.

"दोन," अच्युतराव म्हणाले. हिरवा दिवा लागला.

मग मालतीबाई बसल्या. त्या कधी चुकत नसत.

"पाच भावांना प्रत्येकी एक बहीण आहे. भावंडं एकूण किती?" यंत्राने विचारलं आणि चार पर्याय वाचले.

मालतीबाईंना काहीच सुचेना. त्यांनी नवऱ्याला डोळ्यांनीच आत जायला खुणावलं. ते लगबगीने उठले.

पातेलं वाजू लागलं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

मालतीबाई गारठल्या. पर्याय तर चारच होते!

"अगं, सहा!" आतून अच्युतराव आनंदाने ओरडले. "पाच भाऊ आणि बहीण एकच! मला आलं गं, मालू! माझं मला आलं!"

यंत्रावर दोघांच्याही नावापुढे लाल दिवा लागला.