गुणाकरचा खडक

खडकाचं नाक पुन्हा तुटलं होतं.

गुणाकर कपबशी हातात धरून अंगणात उभा राहिला. मागच्याच रविवारी त्यानं ते नाक नव्यानं बसवलं होतं. त्याच्या आधी डावा खांदा ढासळला होता. "ऐकलंस का?" त्यानं बायकोला हाक मारली. "आपला हिमालय खचला."

चारुलता खिडकीत आली. "अहो, बालाघाटात उंबऱ्याबाहेर पाय टाकला की माणूस दगडाला ठेचकाळतो. तुम्ही तो सिमेंटचा करायला निघालात."

हा विनोद मूळचा गुणाकरचाच. ऑफिसात तो सगळ्यांच्या आधी स्वतः सांगायचा. जबलपूरला एका साहेबांच्या बागेत त्यानं असा खडक पाहिला होता. आत विटांचे तुकडे, त्यावर खुराड्याची जाळी, वरून सिमेंट, फटींत हिरवी रोपं. तो नकली आहे हे साहेबांनी सांगितलं तेव्हाच कळलं होतं. गुणाकरच्या खडकाबद्दल ते कुणालाच सांगावं लागत नव्हतं. न्हाणीघरासाठी परमिटवर मिळालेलं सिमेंट त्यात गेलं, न्हाणीघर गळतच राहिलं, आणि अंगणात एक आजारी म्हैस बसली. म्हैस हा शब्द मात्र त्याचा नव्हता. तो त्याच्या आईचा, गोदाबाईचा.

वडील गेल्यावर त्यानं आईला खैरलांजीकडच्या गावाहून इथं आणलं होतं. गावात तिच्या हाताला उसंत नसायची. इथं काही कामच नव्हतं. चारुलता शाळेत शिकवायला जायची. गुणाकर ऑफिसातून यायचा, चहा घ्यायचा आणि पत्ते खेळायला निघायचा. गोदाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वय झालं, असं गुणाकर म्हणायचा.

मग खडकाचं काम निघालं आणि ती एका संध्याकाळी बाहेर पायरीवर येऊन बसली.

"काय करून राह्यला रे गुणा?"

"खडक करतो, माय."

"दगडाचा?"

"सिमेंटचा."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून ती रोज पायरीवर. तो थापीनं लिंपायचा, ती बोलायची. "पाठ दे न त्याले थोडी. बिमार म्हशीले बी पाठ असते." बोलता बोलता ती गावात जाऊन पोचायची. आपला धीरगंभीर बाप स्वतःच्या लग्नात रुसून आंब्यावर चढून बसला होता, हे गुणाकरला पन्नाशीच्या तोंडावर कळलं. हातातलं सिमेंट वाळून गेलं, तरी तो ऐकत राहिला.

खडक पूर्ण झाला. गुणाकर पुन्हा पत्त्यांच्या अड्ड्यावर जाऊ लागला. आणि खडक तुटू लागला.

त्यानं आधी वाळूला दोष दिला, मग शेजारच्या बकऱ्यांना, शेवटी स्वतःच्या हाताला. "मी आपल्या फायली लिंपाव्यात हे बरं," तो मित्रांना म्हणाला. "पत्त्याचा बंगला बांधला असता तर जास्त टिकला असता." सगळे हसले. त्याचा रविवार मात्र थापी घेऊन खडकापाशीच जायचा.

एका दुपारी कुणा पुढाऱ्याच्या निधनामुळे ऑफिस लवकर सुटलं. गुणाकर फाटकाशी पोचला तर आतून ठकठक ऐकू आली. बकरी ठोकत नाही, एवढं त्याला कळत होतं. तो हलकेच आत शिरला.

गोदाबाई पदर खोचून खडकासमोर उकिडवी बसली होती. खलबत्त्यातला बत्ता दोन्ही हातांनी धरून ती खडकाचा उजवा खांदा फोडत होती. कपाळावर घाम, केसांत सिमेंटची भुकटी.

"माय!"

तिचा हात थांबला. तिनं बत्ता पदराआड लपवला, पण एवढा जड बत्ता तिथं लपेना. मग तो तिनं मांडीवरच ठेवला.

"काहून फोडतं तू?"

ती खडकाकडे पाहतच म्हणाली, "हा पुरा झाला का तू जाशीन पत्त्याईले. मंग मी कोनासंगं बोलू?"

अशा वेळी स्वतःवर एखादा विनोद करून मोकळं व्हायची गुणाकरला सवय होती.

आज त्यानं ऑफिसची पिशवी पायरीवर ठेवली. पँट गुडघ्याशी ओढून घेत तो तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि खडकावरून हात फिरवत राहिला, अगदी खालपर्यंत.

"तिकून नको मारू, माय," तो म्हणाला. "तिकडे सिमेंट पक्कं बसलं आहे. इकून मार, इकून लवकर तुटते."