खरा काळा रंग

“यातला कुठला लवकर फुटत नाही?”

टीव्ही घ्यायला आलेली माणसं चित्राचं विचारतात, आवाजाचं विचारतात. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. समजावून सांगायची फार हौस म्हणून दुकानात सगळे ज्याला ‘मास्तर’ म्हणत, तो सेल्समन जरा गडबडला. मग नेहमीच्या सुरात सुरू झाला.

“सगळे नाजूकच, साहेब. जुन्या प्लाझ्माला पुढे जाड काच असायची, पण तो आता येत नाही. हा साधा एलईडी. मागे दिवे, पुढे पडदा. काळा रंग किंचित राखाडी दिसतो, पण रोजच्याला उत्तम. हा क्यूएलईडी. खोलीत ऊन येत असेल तर डोळे मिटून हा घ्या. उजेड दणदणीत. आणि हा ओलेड.” इथे मास्तरचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. “याला मागे दिवेच नाहीत. एकेक ठिपका स्वतः उजळतो, स्वतः विझतो. म्हणून काळा म्हणजे अगदी खरा काळा. पण अंगाने पुठ्ठ्याएवढा पातळ. जरा धक्का लागला की कामातून गेला.”

“मग तो नको. एलईडीच द्या. भिंतीवर उंच लावायचाय. हात पोचणार नाही इतका.”

माणूस पन्नाशीचा, आडदांड. शेजारी त्याची बायको, लहानखुरी, एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातलेली. दुकानात शिरल्यापासून त्याने तिचं कोपर सोडलं नव्हतं.

“आधीचा कसा फुटला, काकू?” मास्तरने तिला विचारलं.

“पडला,” नवरा म्हणाला.

“तुम्हाला कुठलं चित्र आवडलं?”

“हे म्हणतील ते,” बाई पुटपुटल्या.

तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन वाजला. नवऱ्याने तो काढला, नाव पाहिलं आणि स्वतःच्या खिशात टाकला.

“एकदा बोलते नुसती...”

“उचलायचा नाही म्हणून सांगितलंय ना?”

मास्तरने विषय बदलला. “घरपोच देऊ. पत्ता सांगा.”

“पत्ता नको. मी टेम्पो आणतो. शहराबाहेर खोली घेतलीय, हिला तिथे ठेवणार आहे. कुणाला कळू द्यायचं नाहीये.” त्याने बायकोकडे पाहिलं. “बाहेर पडायचं नाही म्हटल्यावर करमणूक हवी ना काहीतरी.”

मास्तरने पत्ता लिहायला काढलेलं पेन परत खिशात ठेवलं. त्याच्या थोरल्या बहिणीला भावोजींनी असंच कोंडून ठेवलं होतं. माहेरचा फोन उचलू देत नव्हते. शेवटी तिला पाहिलं ते शवागारात. चेहराही ओळखू आला नव्हता.

शेजारच्या पडद्यावर कुठल्याशा सिनेमात खळ्ळकन काच फुटली. बाई दोन्ही हातांनी डोकं झाकून जमिनीवर बसल्या. बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे, हिरवे, पिवळे डाग. एका जागी दात उमटलेले.

“ऊठ! लोक बघताहेत,” नवऱ्याने दंड धरून त्यांना वर ओढलं. बाई कळवळल्या.

मास्तरचा ठोसा त्याच्या तोंडावर बसला. तो भेलकांडत ओलेडवर आदळला, पडदा त्याच्या पाठीखाली कडकडला. तो सावरायच्या आत मास्तरने भिंतीवर टीव्ही लावायचा लोखंडी ब्रॅकेट उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज पार दारापर्यंत गेला. वॉचमन धावत आला. त्याने बाईंचा हात पाहिला आणि भांडण सोडवायचं सोडून तोही त्या माणसाच्या छाताडावर बसला.

“सोडा हो त्यांना! त्यांची काही चूक नाही!” बाई किंचाळत होत्या.

बहीणही हेच म्हणायची. मास्तरने आणखी एक हाणला. दोन दात फरशीवर उडाले.

झटापटीत बाईंचा फोन नवऱ्याच्या खिशातून पडला होता. तो पुन्हा वाजायला लागला. नावाच्या जागी ‘लेक’ असं होतं. मास्तरने उचलला.

“आई? कुठेयस गं तू? सकाळपासून वेड्यासारखी शोधतेय.” आवाज रडवेला होता.

मास्तरने दुकानाचा पत्ता दिला. “लगेच या आणि आईला घेऊन जा. वडिलांचं काय करायचं ते आम्ही बघतो.”

मुलगी आली ती थेट ऑफिसच्या कपड्यांत. केस नीट विंचरलेले, डोळे सुजलेले. बापाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आईला पोटाशी धरलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “चल आई. घरी जाऊ आपण.”

बाईंचा आक्रोश एकदम थांबला. मुकाट्याने उठल्या. मास्तरने त्यांना आधार देत मुलीच्या गाडीत बसवलं.

“दादा, तुमचे उपकार कसे फेडू?” मुलीने हात जोडले.

मास्तरला भरून आलं. बहिणीसाठी जे कुणी केलं नव्हतं ते आज त्याच्या हातून झालं होतं.

आत नवरा मोडका पाय ओढत दाराकडे सरपटत होता. वॉचमनने त्याची मान दाबून धरली. गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं, तसा तो माणूस लहान मुलासारखा हमसून रडायला लागला.

मास्तर त्याच्यासमोर उकिडवा बसला. “का रे? आता मारायला कुणी उरलं नाही म्हणून रडतोस?”

माणसाने तोंडातलं रक्त थुंकलं.

“मला हवं तेवढं मारा,” तो म्हणाला, “पण आधी त्या गाडीमागे कुणाला तरी पाठवा. ही लेकच मारते हो तिला.”