काळ्या तुकड्यांचा पक्षी

"अगं, आज तो राहू दे ना. दुसरं काहीतरी घाल," विलास तिसऱ्यांदा म्हणाला.

"अहो, आजच तर घालायचा!" ऊर्मिलाने आरशासमोर हार अडकवला. "न्यू मेक्सिकोहून प्वेब्लो आदिवासी जमातीतल्या दागिने घडवणाऱ्या कारागीर बाई संग्रहालयात आल्यात. त्यांच्यापुढे रिकाम्या गळ्याने जाऊ?"

हार विलासनेच आणला होता, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, इथल्या, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्लोमार्क्टमधून, म्हणजे जुन्या बाजारातून. शिंपल्यावर निळे, लाल, काळे तुकडे जडवलेला पक्षी. ऊर्मिला अशी काही खुलली, की वर्षभर तिने तो मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मिरवला.

आणि गेल्या महिन्यात विलासने काळ्या तुकड्यावर सहज अंगठा घासला, तर गंधकाचा वास. वीस वर्षं बॅटऱ्यांत घालवलेला माणूस तो. दगड कसला, जुन्या मोटारीच्या बॅटरीच्या पेटीचं कडक रबर! फ्लोमार्क्टमधल्या गोडबोल्या विक्रेतीने त्याला चक्क टोपी घातली होती. बायकोला सांगायचा धीर काही त्याला झाला नाही.

संग्रहालयात गर्दी होती. सत्तरीच्या, हसऱ्या कारागीर लॉरेनबाई सांगत होत्या, "निळा म्हणजे आभाळ आणि पाणी. आमच्याकडे दागिना घालायचा, म्हणजे ज्याने तो केला त्याला सोबत घेऊन चालायचं."

विलासने मुद्दाम शेवटची रांग धरली होती. पण ऊर्मिला ऐकतेय थोडीच! भाषण संपताच ती तडक पुढे.

लॉरेनबाईंनी चष्मा चढवला. पक्षी उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग नेमका काळा तुकडा अंगठ्याने घासून बोट नाकाशी नेलं. आजूबाजूचे लोक वाकून बघू लागले.

आता चारचौघांत हिचा चेहरा पडणार, तोही आपल्यामुळे! त्यापेक्षा आपणच बोललेलं बरं, असं म्हणून विलास पुढे घुसला.

"चूक माझी आहे. हा दगड नाही, गाडीच्या बॅटरीची पेटी आहे. मला माहीत होतं."

ऊर्मिला गर्रकन त्याच्याकडे वळली.

लॉरेनबाईंनी पक्षी सोडला नाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या खदखदून हसत होत्या.

"बॅटरीच ती! खडे मिळेनात म्हणून हा पक्षी करायला माझ्या आजोबांनी घरच्या चांगल्या चालत्या ट्रकची काढून फोडली, तेव्हा आजी महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती."