धुक्यातलं सुतक

मुरुडच्या व्यंकटला गोळ्या झाडण्यापेक्षा व्हिडिओ गेममधल्या ओसाड गावातून, धुक्यात, आपल्याच पावलांचा आवाज ऐकत एकट्यानं फिरायला फार आवडायचं. पण एक दिवस भिंतीआडून एक सैनिक निघाला आणि व्यंकटनं त्याला उडवला. शेजारी शेंगा फोडत बसलेल्या त्याच्या आईनं, विठाबाईनं, मान वर केली.

"त्याच्या घरी कोण कोण हाय?"

"कोणी न्हाई गं माय. एकट्यानं खेळायचा गेम हाय."

"मग त्याचं सुतक तूच पाळायचं. दुसरं हाय कोण त्याला?"

आईपुढं कोणाचं चालतं. व्यंकट दहा दिवस कंट्रोलरला शिवला नाही. दहाव्याला डोकंसुद्धा भादरून आला.

अकराव्या दिवशी गेम लावला. तेच धुकं, तीच शांतता. तेवढ्यात विहिरीमागून दुसरा सैनिक बंदूक रोखून समोर आला. व्यंकटचं बोट बटणावर गेलं.

"थांब," विठाबाई म्हणाली. "सोमवारी सुकन्याची हळद हाय. घरात सुतक चालायचं न्हाई."

बहिणीच्या लग्नाचा प्रश्न होता. व्यंकटनं बंदूक खाली घेतली. सैनिकानं घेतली नाही. स्क्रीन लाल झाली आणि व्यंकट मेला.

विठाबाईनं शेंगांची टोपली पुढं ओढली.

"लाव पुन्हा. तिथं तुला बी त्याच्याशिवाय कोण हाय? दहा दिवस तो काय बंदुकीला हात लावत न्हाई. तू फिर निवांत."